जुनी मूठ

त्यांनी माझा हात धरला, आणि तोही चार माणसांत. पायाशी कुंदन उभा होता, सून सुवर्णा औषधांची पिशवी घेऊन दाराशी होती, नर्स सलाईनच्या बाटलीकडे बघत होती. त्यांच्या तळहाताला कापसाचा बोळा चिकटला होता, तो काढायला मी गेले तर माझी दोन बोटं त्यांच्या मुठीत गेली आणि मूठ मिटली. आधी वाटलं, सहज झालं असेल. मी बोटं ओढली. जेवढी ओढली तेवढी मूठ घट्ट झाली. ज्या माणसाला उशीवरची मान वळवता येत नव्हती, त्याच्या हातात खुरपं धरल्यासारखा जोर होता. मला लाज वाटली. आनंद मागून आला, आधी लाजच. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण लोकांसमोर त्यांनी माझ्या हाताला हात लावल्याचं मला आठवत नाही. बाजाराला निघालो की ते चार पावलं पुढे असायचे. टेम्पोत चढताना कधी मनगट धरून वर घेतलं असेल, पण ते कोथिंबिरीची जाळी वर ओढावी तसं. धरलं, ओढलं, सोडलं. आणि आता सगळ्यांदेखत सोडतच नव्हते. सुवर्णा तोंड फिरवून हसली. कुंदनचे डोळे भरले. तो म्हणाला, "आई, नानांनी वळखलं तुला." मी पदर नीट केला आणि तशीच वाकून उभी राहिले. कंबर दुखायला लागली तरी हलले नाही.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई आल्या. तेजश्री नाव होतं त्यांचं, वयाने माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. कुंदनने त्यांना दारातच सांगितलं. त्या हसल्या नाहीत. जवळ आल्या, माझी बोटं हळूच सोडवून घेतली आणि आपलं एक बोट त्यांच्या तळहातावर घासलं. मूठ मिटली. मग खिशातली रबराची हातोडी काढली, गुडघ्यावर मारतात ती, आणि तिचा दांडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दांडाही धरला. तसाच. माझी बोटं धरली होती तेवढ्याच जोराने, आणि ओढल्यावर तसाच आणखी घट्ट. मी त्या हातोडीकडे बघत राहिले. एखाद्या बाईला सवतीचं वाटावं तसं मला त्या हातोडीचं वाटलं, हे आज लिहिताना हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहिते. जन्मलेल्या प्रत्येक बाळाला ही मूठ असते. तळव्यात काहीही आलं, बोट आलं, दोरी आली, की ते धरतं. कुणी शिकवलेलं नसतं. फार फार जुन्या काळी, माणूस माणूस नव्हता तेव्हा, आपल्या आधीच्या प्राण्यांच्या अंगावर केस होते आणि पिल्लू आईच्या केसांना धरून असायचं. जे धरायचं ते जगायचं, सुटायचं ते झाडावरून खाली पडायचं. ते धरणं पिढ्यान्‌पिढ्या उतरत आपल्यापर्यंत आलं. आपल्या अंगावरचे केस गेले, झाडं गेली, मूठ राहिली. बाळ मोठं होतं तसा मेंदूचा पुढचा भाग तयार होतो आणि ती जुनी मूठ झाकून टाकतो. ती जात नाही, झाकली जाते. यांच्या मेंदूच्या त्याच भागात रक्त साकळलं होतं. झाकण गेलं, खालचं वर आलं. "आजी, मला हे सांगताना बरं वाटत नाही," त्या म्हणाल्या, "पण या मुठीवरून त्यांनी तुम्हाला ओळखलं असं म्हणता येणार नाही. ही मूठ त्यांच्याही आधीची आहे."

मग त्या म्हणाल्या, त्यांना नावाने हाक मारा. माणूस बाकी सगळं विसरला तरी नावाला वळतो कधीकधी. मी खाली बघितलं. सुवर्णा मधेच म्हणाली की आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. डॉक्टरीणबाई गोंधळल्या, मग म्हणाल्या की औषध समजून घ्या. मी कधी ते नाव तोंडाने घेतलं नव्हतं, हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, आणि उखाण्यातलं नाव हे नाव नसतंच, यमकाचं असतं. लिहिलं मात्र होतं. आमच्या मळ्याजवळच्या शाळेत बायकांचा संध्याकाळचा साक्षरता वर्ग निघाला होता, तेव्हा पाटीवर पेन्सिल मी खुरप्यासारखी मुठीत धरायची. बाईंनी बोटं सरळ करून दिली. अक्षरं जुळायला लागल्यावर मी पहिलं आख्खं नाव लिहिलं ते त्यांचं. लिहिणं म्हणजे घेणं नव्हे, असं मी मनाशी ठरवलं होतं. पाटी त्यांना दाखवली तर ते म्हणाले, "टी दीर्घ काढ, मी काय ऱ्हस्व हाय का?" आणि गोठ्याकडे निघून गेले. पण त्या दिवशी त्यांनी पाटी पुसू दिली नाही, चुलीमागच्या फळीवर ठेवली. ते आठवलं, आणि मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "गोटीराम." माझाच आवाज मला परका वाटला. ते छताकडे बघत होते. बघतच राहिले. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि कागदावर काही लिहिलं.

त्या गेल्यावर मला वाटलं की चूक माझीच झाली. या बाईने आपल्याला कधी नावाने हाक मारलेली नाही, मग त्या हाकेला ते कशाला वळतील? गोटीराम म्हणून त्यांना आईबापांनी बोलावलं, आडतीवाल्याने बोलावलं, मी नाही. माझी हाक निराळी. मी सगळ्यांना बाहेर जाऊ दिलं आणि मग रोज म्हणायचे तसं म्हणाले, "आयकलं का?" माझ्या मनाला तेव्हा अंगणातली बाज दिसली, त्यावर ते बसलेले, बिडी कानावर, आणि "काय?" असं न म्हणता नुसती हनुवटी वर करणं. मी पुन्हा म्हणाले, "आवं, आयकलं का?" त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा मला कळलं की चूक नव्हती. नाव घेऊनही नाही, न घेऊनही नाही.

सिंहस्थ होऊन गेला त्याच वर्षीची ही थंडी. दवाखान्यातून त्यांना मखमलाबादला मळ्यात आणलं. नाकातली नळी काढली होती, चमच्याने पातळ भरवलं तर गिळत होते. डोळे उघडे असत. कधी माझ्यावरून फिरत आणि पुढे खिडकीवर, खिडकीवरून भिंतीवर जात, ऊन सरकतं तसे. मी त्यांना कुशीला वळवायची, पुसायची, पाठीला पावडर लावायची. आणि प्रत्येक वेळी माझं काहीतरी त्यांच्या मुठीत सापडायचं. पदर, बांगडी, लुगड्याचा काठ, एकदा वेणीचं टोक. मी ओरडले नाही, केस सोडवत बसले आणि मनात आलं, ही जागा बरोबर सापडली म्हणायची. केसालाच धरायचं होतं ना मुळात. शेजारची मंगलाबाई सकाळी दूध द्यायला यायची. तिला मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं, माकडाचं, पिल्लाचं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाकीच्यांचं मला म्हाईत नाय भागूबाई, पन गोटीभाऊ माकडाच्या वंशातले हे मी तवाच सांगितलं असतं. आमच्या आंब्यावरून कितीदा खाली उतरवलंय त्यांना." आम्ही दोघी हसलो. त्यांच्या पलंगाशी बसून कितीतरी दिवसांनी हसलो. हसता हसताच ती उठली, त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं करून गेली.

कुंदन अंबडला कंपनीत आहे, सिडकोत राहतो. दर रविवारी यायचा, मधे रात्रपाळी असली तर दुपारचाही येऊन जायचा. आला की आधी बापाकडे बघायचा आणि मग माझ्याकडे, आणि माझ्याकडे जास्त वेळ. मला ते बघणं आवडत नव्हतं. माझी मनगटं सुजली होती, उठताना मी भिंतीला धरत होते, हे तो मोजत होता. एका रविवारी त्याने विषय काढला. दिंडोरी रोडला एक घर आहे, अशा माणसांना ठेवून घेतात. बाया आहेत, पुरुष आहेत, कूस बदलायला, आंघोळीला. तो जाऊन बघून आला होता. स्वच्छ आहे म्हणाला, खिडकीतून द्राक्षाचा बाग दिसतो म्हणाला. मी म्हणाले, मळ्यात काय दिसत नाही? तर तो माझ्यासमोर खाली बसला, लहानपणी जेवायला बसायचा तसा मांडी घालून. तो वाईट मुलगा नाही. त्याला बाप गेल्यासारखाच वाटत होता आणि मागोमाग आई जाईल ही भीती होती. म्हणाला, "आई, नाना हितं राहिले काय नि तिथं राहिले काय, त्यांना सारखंच हाय. त्यांना कायच कळत नाय. तुला मात्र कळतंय, तू मरशील."

मी म्हणाले, "तू झाला तवा तुलाबी काय कळत नव्हतं. मग तुला कुठंबी ठेवायचा होता का?"

तो हळू म्हणाला, "पोरगं शिकतं आई. नाना आता शिकनार नाय."

ठरलं असं की पुढच्या सोमवारी सकाळी गाडी येईल. मी हो म्हणाले नाही, नाही पण म्हणाले नाही. मळ्यात न बोलणाऱ्या बाईचं न बोलणं होकारच धरतात.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगता येत नाही. काम तेच होतं. पण एक प्रश्न माझ्या मागे हिंडत होता, विहिरीवर, चुलीशी, पलंगाशी. मला जे धरतं ते कोण? रोज पदर धरणारा हा हात, याच्या अंगठ्याला विळ्याची जुनी खूण आहे, नखं बिडीने पिवळी आहेत, हा हात मला माहीत आहे. पण धरणारं जर त्यांच्या आधीचं असेल, तर मग मी इतके दिवस कुणाच्या मुठीत बोटं देऊन बसते? एखाद्या केसाळ, मुक्या, झाडावरच्या जनावराच्या? त्या विचाराने मला आधी शिसारी आली. रात्रीची नाही, भर दुपारी. मी हात मागे घेतला. तर त्यांची मूठ रिकामी मिटली आणि हवेत थोडी इकडेतिकडे फिरली, शोधल्यासारखी. काकडीच्या वेलाला आधार धरायची बारीक शेपटी फुटते, ताणा म्हणतात, ती मी अशीच फिरताना पाहिली आहे. सुरुवातीला ती नुसती हिरवी दोरी असते, हवेत लोंबते. पण जवळ काठी रोवा, दोन दिवसांत ती काठीकडे वळते आणि शिवली की वेटोळं घालते. काठी असो, तार असो, शेजारच्या मिरचीचं झाड असो. मी एकदा खुरपं विसरले तर खुरप्याला धरून बसली होती. तिला डोळे नाहीत, तिला कुणी आई नाही. तरी तिचं ते फिरणं बघून कुणी म्हणत नाही की हिला काही कळत नाही, उपटून टाका. आपण म्हणतो, वेल लागला.

शुभांगी, कुंदनची थोरली, त्या आठवड्यात मळ्यातच होती. बारावीला सायन्सला. आजोबांपाशी बसून अभ्यास करायची. तिला मी विचारलं, हे खरं का गं, आधीचं सगळं आपल्यात राहतं? तिने पुस्तक मिटलं. तिला बोलायला आवडतं, बापासारखी नाही. तिने सांगितलं की आईच्या पोटातल्या पोराला सुरुवातीला शेपूट असते, मग ती आत जाते. मानेशी घड्या असतात, माशाला जिथे कल्ले होतात तिथेच, त्याच घड्यांतून आपला जबडा आणि कानातली हाडं होतात. समुद्रातल्या देवमाशाच्या अंगात अजून मागच्या पायांची हाडं सापडतात, इवलीशी, चालायच्या कामाची नाहीत. थंडीने अंगावर काटा येतो तो केस उभे करायला, आणि केस कुठे आहेत? ती म्हणाली, "आजी, कुणी बसून नवा प्राणी नाही बनवला. जे होतं त्यातूनच दुसरं झालं. म्हणून जुनं आतच राहतं." मी विचारलं, मग पाल आणि आपण? चिमणी आणि आपण? म्हणाली, सगळे चुलत. कुणी जवळचे, कुणी लांबचे. मला सायखेडं आठवलं, माझं माहेर, तिथे आख्ख्या आळीत कोण कुणाचा कोण लागतो ते सांगायला म्हातारी सरुबाईच लागायची, आणि भांडण झालं की तीच मधे पडायची, अरे एका पणजीचे रे तुम्ही. मी म्हणाले, "म्हंजी वावरातला उंदीरबी भाऊबंदच." शुभांगी म्हणाली, "भाऊबंदच. म्हणून तर धान्य खातो."

तिच्या बोलण्यातलं एक माझ्या मनातून गेलं नाही. जुनं आतच राहतं. हे मी कधी ऐकलं नव्हतं, पण पाहिलं होतं, फक्त माणसात पाहिलं नव्हतं. आमचा गुलाबाचा मळा. गुलाब आम्ही बियांनी लावत नाही. आधी रानगुलाबाचा खुंट लावायचा, काटेरी, बारीक पानांचा. तो मुळं धरतो, खडकाळ जमीन सोसतो, पाणी कमी पडलं तरी मरत नाही. मग त्याच्या सालीला चिरा देऊन चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, बसवायचा. त्याला डोळा भरणं म्हणतात. ते यांचं काम. मांडी घालून वाफ्यात बसायचे, दातात डोळा बांधायची पट्टी, हातात चाकू, आणि दिवसभर डोळे भरायचे. डोळा धरला की वर लाल गुलाब येतो आणि बाजारात सगळे त्या गुलाबाला गुलाब म्हणतात. खालच्या रानगुलाबाचं नाव कुणी काढत नाही. पण तो जिवंत असतो. मधूनच डोळ्याच्या खालून त्याची फूट वर येते. ती आली की चाकूने काढून टाकायची, नाहीतर तीच सगळी ताकद खाते आणि वरचा गुलाब वाळतो. हे काम माझं. मी किती फुटी काढल्या असतील त्याचा हिशेब नाही, न बघता काढायची, केसातली ऊ काढावी तशी.

एका वर्षी कालव्याला पाण्याचं आवर्तन आलंच नाही. विहीर तळाला गेली. आख्खा गुलाब वरून वाळला, काड्या झाल्या. माणसं म्हणाली, उपटा आणि कांदे लावा. पाऊस पडल्यावर आम्ही उपटायला गेलो तर प्रत्येक वाळक्या काडीच्या बुडाशी रानफूट आलेली. हिरवीगार, काटेरी. मी सवयीने चाकू लावला. तर ते म्हणाले, "राहू दे. ती हाय म्हनून मूळ जितं हाय." त्या पावसाळ्यात त्यांनी वाफे तसेच ठेवले. काही ठिकाणी रानगुलाबाला फुलं आली, पांढरी, करंगळीच्या नखाएवढी, झुपक्यांनी. बाजारात कुणी घेतली नसती. मधमाश्या मात्र इतक्या आल्या की मळ्यात दुपारी घोंगावणं ऐकू यायचं. पुढच्या थंडीत त्यांनी त्याच फुटींवर पुन्हा डोळे भरले.

माणसावर पुन्हा डोळा भरता येत नाही, हे मला कळतं. मी स्वतःला फसवत नव्हते. वरचा गुलाब वाळला होता. पाटी पुसू न देणारा, टी दीर्घ काढ म्हणणारा, आंब्यावर चढणारा. तो परत येणार नव्हता. पण आता मुठीत हात देताना मला शिसारी येईना. ही खालची फूट होती, आणि खालचं मूळ काही परकं नव्हतं. इतकी वर्षं तो लाल गुलाब त्याच्याच जिवावर वर उभा होता. माझ्याशी संसार केला तो एकट्या गोटीरामने केला असं मी समजत होते. त्यांच्या आत हे दुसरं, मुकं, धरणारं जनावरही सगळा वेळ होतं, मी त्याच्याजवळही निजले होते, त्यानेही माझ्या हातचं खाल्लं होतं. फक्त आमची भेट झाली नव्हती.

कीर्तनात ऐकलं होतं की देवाला धरायच्या दोन रीती. एक माकडाच्या पिल्लाची, ते आईला घट्ट धरतं, आईचे हात मोकळे. दुसरी मांजराच्या पिल्लाची, ते काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. बुवा विचारायचे, तुम्ही कोणतं पिल्लू? लोक हसायचे. मी आता बसल्या बसल्या विचार करायची की माकडाचं पिल्लू जन्मतं तेव्हा ते आईला ओळखतं का? त्याला अजून नीट दिसतसुद्धा नसतं. ते आधी धरतं. धरून धरून, तिच्या वासात, तिच्या उबेत राहून मग एक दिवस ओळखतं. म्हणजे ओळख मागून आलेली आहे. पहिलं धरणं. मग जाताना जर ओळख आधी गेली आणि धरणं मागे राहिलं, तर जे मागून आलं ते आधी गेलं, एवढंच झालं. हे मी कुणाला बोलले नाही. कुंदनच्या त्या वाक्याचं हे उत्तर नव्हतं. तो खरंच बोलला होता, नाना शिकणार नाहीत. पण माझी भीती तेवढी गेली.

सोमवारी पहाटेच धुकं होतं, नाशिकच्या थंडीतलं जाड, ओलं. मी त्यांना कोमट पाण्याने पुसलं, धुतलेला सदरा घातला, कानटोपी घातली. पिशवी भरली नाही. कुंदनची पहिली पाळी होती, तो गाडी मार्गी लावून तसाच कामावर जाणार होता. कंपनीचे जाड बूट घालून आला, दारात काढायला वेळ नको म्हणून बुटांसकटच आत आला आणि त्याबद्दल माझ्याकडे बघून ओशाळला. मागे गाडी उभी राहिल्याचा आवाज आला. त्याने विचारलं, "कपडे?" मी त्यांची कानटोपी सारखी करत राहिले. त्याने फळीवरून स्वतःच दोन सदरे, टॉवेल काढला. मग पलंगापाशी आला, बापाच्या काखेखाली हात घालायला वाकला. त्याचा उजवा हात त्यांच्या तळव्यावरून गेला.

दवाखान्यापासून आजपर्यंत कुंदनने त्यांच्या त्या हातात हात दिला नव्हता. त्याने मूठ बघितली होती, माझ्या पदरावर, डॉक्टरीणबाईंच्या हातोडीवर. त्याच्या बोटांवर ती आज पहिल्यांदा मिटली. चारही बोटं आत गेली. तो तसाच अर्धा वाकलेला थांबला. मग ओढून बघितलं, हलकंच, आणि मूठ आणखी आवळली. मी त्याचं तोंड बघत होते. चाळिशी गाठलेला माणूस, कानाशी पांढरे झालेले केस, आणि ओठ असे झाले की मला तान्हेपणी न्हाऊ घातलेलं त्याचं तोंड आठवलं.

"आई," तो म्हणाला, "हे सोडत नायत."

"सोडव ना," मी म्हणाले. "आजारी मानूस हाय. तुझ्या जोरापुढं काय हाय त्यांचं?"

त्याने सोडवलं नाही. नुसता बघत राहिला, त्या पिवळ्या नखांकडे. म्हणाला, त्याला माहीत आहे की हे नाना नाहीत, डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलंय. मी म्हणाले, मलाही माहीत आहे. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. कुंदन हलला नाही. त्याच्या पाठीला रग लागली असणार, मला ती रग माहीत होती. मी भिंतीशी असलेला डबा सरकवून त्याच्या मागे लावला आणि तो त्यावर बसला, हात तसाच ठेवून.

मी बाहेर आले. धुक्यात गाडीचे दिवे पिवळे दिसत होते. ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, "मावशी, पेशंट?"

"घरीच हाय," मी म्हणाले. "तू जा बाबा. नाय यायचं आम्हाला."

त्याने घराकडे बघितलं, कुणी पुरुष बाहेर येऊन हेच सांगेल म्हणून थांबला. कुणी आलं नाही. गाडी वळली आणि बांधापलीकडे दिसेनाशी झाली. मी हात धुतले, चुलीवर आधण ठेवलं, साखर घातली आणि दारातून आत पाहिलं. बापाने धरलेला उजवा हात कुंदनने पलंगावर तसाच पसरून ठेवला होता. डाव्या हाताने बुटाच्या लेसची गाठ सुटत नव्हती, म्हणून तो एका पायाने दुसऱ्या पायातला बूट ढकलून काढत होता.